फोडणीतली मोहरी वीस पट स्लो कशी शूट करायची

पहिला स्लो मोशन शॉट मी स्वयंपाकघरात घेतला आणि तो पूर्ण वाया गेला. आई फोडणी घालत होती, मी कॅमेरा १००० एफपीएसवर (म्हणजे सेकंदाला १००० फ्रेम) लावून ओट्यापाशी उभा, वर एलईडी ट्यूब लख्ख पेटलेली, डोळ्यांना उजेड भरपूर वाटत होता. क्लिप लॅपटॉपवर टाकली तर सगळं काळपट, दाणेदार, आणि त्यात अख्खं चित्र उजळतंय-अंधारतंय, उजळतंय-अंधारतंय, गणपतीतल्या माळेसारखं. मोहरी कुठे उडाली ते शोधावं लागत होतं. आई मागून बघत म्हणाली, "अरे, लाईट गेली होती का मधे?"

लाईट गेली नव्हती, लाईट तशीच असते, आपल्याला दिसत नाही एवढंच. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणजे साधा दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. तुम्ही १००० एफपीएसने शूट करता तेव्हा त्या प्रत्येक कमी-जास्त होण्याला १० फ्रेम मिळतात, आणि तेच २५ एफपीएसने चालवलं की १० फ्रेम म्हणजे ०.४ सेकंद. सेकंदाला अडीच वेळा लुकलुक. चांगल्या ड्रायव्हरच्या (म्हणजे आतल्या वीज सांभाळणाऱ्या सर्किटच्या) एलईडीत हे कमी असतं, स्वस्तातल्या बल्बमध्ये भयंकर असतं, आणि दुकानात उभं राहून नुसत्या डोळ्यांनी कळायचा काही मार्ग नाही. म्हणून पहिलं काम हे की घरातले सगळे दिवे एकेक करून फोनच्या स्लो मोशनमध्ये शूट करून बघा, २४० एफपीएस असलं तरी पुरतं, कुठला नाचतो ते लगेच कळतं. माझ्या घरात नऊपैकी दोनच पास झाले आणि त्यातला एक फ्रिजमधला निघाला.

आता कॅमेऱ्याचं. खरा हायस्पीड कॅमेरा म्हटलं की लोक फँटमचं नाव घेतात, तो आपल्या कामाचा नाही, त्या किमतीत फ्लॅटचा विचार करता येतो. स्वस्तातला मार्ग २००८ च्या आसपास कॅसिओने उघडला. एक्झिलिम एफ१ आणि मग एफएच२० असे कॅमेरे आले, साध्या माणसाला पहिल्यांदा हजाराच्या वर एफपीएस मिळाले, पण एफएच२० मध्ये १००० एफपीएसला चित्र किती मोठं? २२४ बाय ५६ पिक्सेल. चित्र कसलं, पट्टी ती. ४२० एफपीएसला २२४ बाय १६८, २१० ला ४८० बाय ३६०, म्हणजे कामाचा तो शेवटचाच. अजून कुठे जुन्यात मिळाला आणि नुसतं शिकायचंय तर घ्या, गंमत आहे, पण मोठ्या स्क्रीनवर दाखवायची अपेक्षा ठेवू नका.

फोनचं म्हणाल तर २०१४ च्या आयफोन ६ पासून २४० एफपीएस खिशात आलंय आणि सुरुवातीला तेच वापरा, खरंच. २०१७ मध्ये सोनीच्या एक्सपीरिया एक्सझेड प्रीमियममध्ये ९६० आलं, पुढच्या वर्षी सॅमसंग एस९ मध्ये, पण तिथे खरं रेकॉर्डिंग ०.२ सेकंदांचं. पापणी लवते तेवढ्यात तुमची मोहरी उडायला पाहिजे. आणि काही फोनवर ९६० लिहिलेलं असतं पण आतून निम्म्याच फ्रेम खऱ्या असतात, मधल्या सॉफ्टवेअरने बनवलेल्या. ओळखायचं कसं, तर नळाखाली हात धरा, पाणी उडतंय असं शूट करा आणि एकेक फ्रेम पुढे सरकवा. खऱ्या फ्रेममध्ये थेंब थेंबच राहतो, बनावट फ्रेममध्ये तो विरघळल्यासारखा ओढला जातो, दोन थेंबांच्या मधे धूसर पूल तयार होतो. एकदा दिसलं की मग दरवेळी दिसतं.

मी वापरतो तो सोनीचा आरएक्स १०० मार्क ४, जून २०१५ मध्ये जाहीर झालेला, जुन्या बाजारात घेतलेला. तेव्हाच आलेल्या आरएक्स १० मार्क २ मध्ये पण हेच सगळं आहे, फक्त तो मोठा, लांब झूमवाला. सेन्सरच्या पाठीलाच मेमरी चिकटवलेली आहे त्यामुळे तो इतक्या वेगाने चित्र वाचू शकतो. पीएएल मोडला (आपल्याकडची ५० हर्ट्झची व्हिडिओ पद्धत) लावला तर २५०, ५०० आणि १००० एफपीएस, एनटीएससीला (अमेरिकेतली ६० हर्ट्झची) २४०, ४८०, ९६०. आपल्याकडे पीएएलच लावा, कारण बाकीचं नेहमीचं शूटिंग पण मग ५० हर्ट्झच्या दिव्यांशी जुळतं. पीएएल-एनटीएससी बदललं की कार्ड पुन्हा फॉरमॅट करायला सांगतो, त्यामुळे आधी रिकामं करून घ्या, माझं एका लग्नाचं शूटिंग तसंच गेलं असतं. कार्ड ६४ जीबीचं, क्लास १० एसडीएक्ससी घ्या, साध्या कार्डावर तो एक्सएव्हीसी एस फॉरमॅटच घेत नाही.

इथे एक गोष्ट आहे जी विकणारा कधी सांगत नाही. फाईल तुम्हाला प्रत्येक वेळी १९२० बाय १०८० चीच मिळते, पण सेन्सर खरोखर किती वाचतो ते वेगळंच असतं. क्वालिटी प्रायॉरिटी मोडमध्ये २५० ला १८२४ बाय १०२६, ५०० ला १६७६ बाय ५६६, आणि १००० ला ११३६ बाय ३८४. म्हणजे १००० ला उभ्या दिशेने फक्त ३८४ ओळी आहेत आणि त्या ताणून १०८० केल्यात. ताटाची कड, टेबलाची कड, असल्या आडव्या रेघा जिन्याच्या पायऱ्यांसारख्या दिसतात. दुसरा मोड शूट टाइम प्रायॉरिटी, त्यात वेळ २ सेकंदांऐवजी ४ सेकंद मिळतो पण रिझोल्यूशन अजून एक पायरी खाली, १००० ला ८०० बाय २७०. तो मी एकदाच वापरला.

म्हणून माझं मत सरळ आहे, दहातली सात कामं ५०० ला करा. १००० चा आकडा ऐकायला भारी वाटतो पण चित्र पाहिल्यावर वाईट वाटतं. किती वेग खरंच हवाय ते आधी मोजायचं. घरमाशी सेकंदाला साधारण २०० वेळा पंख हलवते, तिला १००० लावलं तर एका फडफडीला ५ फ्रेम, तिथे १००० च पाहिजे, २५० लावलं तर सव्वा फ्रेम, काहीच कळणार नाही. पण कबुतर उडताना, पोरगं पाण्यात उडी मारताना, लेझीमवाल्यांचं पथक, ओल्या कुत्र्याचं अंग झटकणं, याला २५० ठणठणीत पुरतं आणि चित्र जवळजवळ फुल एचडी मिळतं.

वेळेचा पण हिशोब घाला. एखादी वस्तू एक मीटर उंचीवरून सोडली तर खाली यायला ०.४५ सेकंद लागतात. १००० ला शूट करून २५ ला चालवलं तर तेच पडद्यावर १८ सेकंद. त्यातले शेवटचे दोन सेकंद मजेचे, बाकी सोळा सेकंद लिंबू हवेत लटकलंय आणि बघणारा चहा आणायला गेलाय. मी पहिल्या महिन्यात असल्या चाळीसेक क्लिप काढल्या असतील. घरच्यांनी सगळ्या बघितल्या, मोठ्या मनाची माणसं.

आता उजेड, आणि यावर मी जरा जास्त वेळ घालवणार आहे कारण स्लो मोशन म्हणजे निम्मं काम हेच आहे. नेहमीचा व्हिडिओ २५ एफपीएसला १/५० शटरवर होतो, म्हणजे प्रत्येक फ्रेमवर सेकंदाचा पन्नासावा भाग उजेड पडतो. १००० एफपीएसला शटर १/१००० पेक्षा हळू असूच शकत नाही, आणि नीट कड पाहिजे तर १/२००० तरी लागतं, म्हणजे उजेड चाळीसाव्या भागावर आला. घरात जो उजेड आपल्याला "भरपूर" वाटतो त्याच्या चाळीस पट आणायचा कुठून? गच्चीवरून. उन्हासारखा दिवा नाही, लुकलुकत नाही आणि बिल येत नाही. जुना फिल्मवाल्यांचा हिशोब आहे, कडक उन्हात आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील तो आकडा) १०० आणि अपर्चर (लेन्सचं भोक, आकडा लहान तितकं ते मोठं) एफ १६ ठेवलं तर शटर १/१००. त्यावरून पुढे मोजत जा, एफ २.८ केलं की ३२ पट उजेड, म्हणजे १/३२००. आयएसओ २०० केलं की १/६४००. बघा, काहीही न जाळता १/६४०० मिळालं. आपल्याकडे ऑक्टोबर ते मे असलं ऊन फुकट पडलेलं असतं, सकाळी दहा ते दुपारी तीन. पावसाळ्यात मात्र कॅमेरा कपाटात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत झोपतो, काय करणार.

ऊन समोरून घेऊ नका, सपाट दिसतं. पाणी, तेल, वाफ, धूळ असं काही असेल तर ऊन वस्तूच्या मागून आणि जरा बाजूने यायला पाहिजे, मग प्रत्येक थेंब पेटल्यासारखा दिसतो. फक्त सूर्य थेट लेन्समध्ये येऊ देऊ नका, वर पुठ्ठा धरा. मागे काळं काहीतरी लागतं. काळा चार्ट पेपर चमकतो, उन्हात राखाडी होतो. मी बरेच कपडे लावून बघितले, सगळ्यात भारी निघाली ती आजोबांची घोंगडी. काळी लोकर उजेड अशी पिते की मागे काही आहे हेच कळत नाही. फक्त वारा असेल तर तिचे तंतू उडतात आणि १००० एफपीएसला ते आकाशातून येणाऱ्या सापासारखे दिसतात, आधी झटकून घ्या.

घरातच करायचं असेल तर डीसीवर चालणारा दिवा पाहिजे. माझा जुगाड असा, गाडीचा एच४ हॅलोजन बल्ब, १२ व्होल्ट, ५५ वॅट, आणि इन्व्हर्टरची बॅटरी. बल्ब थेट बॅटरीवर, मधे १० अँपचा फ्यूज, फ्यूज विसरायचा नाही. बॅटरी डीसी देते त्यामुळे लुकलुक शून्य. बल्बला हात लावू नका, काच भयंकर तापते आणि बोटाचं तेल लागलं तर बल्ब लवकर जातो. असे दोन दिवे वस्तूपासून वीतभर अंतरावर लावले तर छोट्या गोष्टींना पुरतात. वस्तू जितकी लहान, दिवा तितका जवळ, हाच काय तो स्वस्तातला उपाय, कारण अंतर निम्मं केलं की उजेड साधारण चौपट होतो. एलईडी टॉर्च पण चालतो, फक्त फुल पॉवरला, कमी पॉवरला बरेच टॉर्च आतल्या आत वेगाने चालू-बंद होऊन उजेड कमी करतात आणि मग परत तोच डिस्को. व्हिडिओसाठी मिळणारे एलईडी पॅनल पण घेण्याआधी फोनच्या स्लो मोशनमध्ये बघून घ्या, शंभर टक्के ब्राइटनेसला पण आणि तीस टक्क्यांना पण.

कॅमेऱ्याचं सेटिंग करताना डायल एचएफआरवर (हाय फ्रेम रेट, म्हणजे स्लो मोशनचा मोड) आणा, त्यात मॅन्युअल एक्स्पोजर निवडा, ऑटोवर ठेवू नका. शटर आधी ठरवा, मग अपर्चर, मग उरलेलं आयएसओने भरा. शटर किती, तर वस्तूच्या वेगावरून. अर्ध्या मीटरवरून पडणारा पाण्याचा थेंब खाली येईपर्यंत सेकंदाला ३ मीटरच्या वर वेग घेतो, म्हणजे १/१००० सेकंदात ३ मिलिमीटर सरकतो. थेंबच मुळात तेवढा असतो! १/१००० ला तो थेंब राहत नाही, शेवई होते. १/१०००० ला ०.३ मिलिमीटर, मग गोल दिसतो. म्हणजे एफपीएस वाढवलं की आपोआप शार्प येतं असं नाही, एफपीएस आणि शटर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नवीन माणूस ९० टक्के वेळा इथेच फसतो, मी पण फसलो.

फोकस हाताने. या कॅमेऱ्यात एचएफआरला मधलं बटण दाबून स्टँडबायमध्ये जावं लागतं आणि एकदा स्टँडबायमध्ये गेलं की फोकस, झूम, एक्स्पोजर सगळं गोठतं. म्हणून जिथे घटना घडणार तिथे आधी काहीतरी ठेवायचं, काडेपेटीतली काडी, सुई, खडू काही पण, त्यावर मॅन्युअल फोकस करायचा, पीकिंग लावून कडा रंगीत झाल्या की खात्री, मग काडी काढायची आणि मग स्टँडबाय. ट्रायपॉड जड पाहिजे, माझा हलका आहे म्हणून मी त्याच्या मधल्या दांड्याला तांदळाची पिशवी लटकवतो.

आणि आता बटण कधी दाबायचं. यात दोन प्रकार आहेत, स्टार्ट ट्रिगर म्हणजे दाबल्यापासून पुढचे २ सेकंद, आणि एंड ट्रिगर म्हणजे दाबलं त्याच्या आधीचे २ सेकंद. नेहमी एंड ट्रिगर ठेवा. नेहमी. स्टँडबायमध्ये कॅमेरा सतत मेमरीत लिहीत असतो, जुनं पुसत असतो, तुम्ही बटण दाबलं की थांबतो आणि शेवटचे २ सेकंद जपतो. माणसाला काही घडलेलं दिसून बोट हलेपर्यंत पाव सेकंद तरी जातो, फुगा तोपर्यंत फुटून जमिनीवर असतो, स्टार्ट ट्रिगरवर तुम्हाला फक्त ओली फरशी मिळेल. मी भाच्याला घेऊन पाण्याचा फुगा करत होतो, मला वाटलं आपण एक-दोन-तीन म्हणू आणि बरोबर जमवू. सहा फुगे गेले. सातव्याला भाचा म्हणाला, "मामा, तू आधी फुटू दे ना, मग दाब." आठ वर्षांचा आहे. तेव्हा मी मेन्यूत जाऊन एंड ट्रिगर शोधला. त्या सातव्या फुग्यात रबर मोजक्या फ्रेममध्ये मागे पळून जातं आणि पाणी मात्र फुग्याच्याच आकारात हवेत उभं राहतं, वर सुई टोचली तिथे बारीक सुरकुत्या, मग खालून ते हळूहळू बसायला लागतं.

दाबल्यावर धीर धरा. १००० ला २ सेकंद म्हणजे २५ च्या हिशोबाने ८० सेकंदांची क्लिप, ती कार्डावर लिहायला कॅमेरा एक-दीड मिनिट घेतो आणि तोपर्यंत दुसरा शॉट नाही. फसलेला शॉट असेल तर लिहिणं मधेच थांबवा, वाट बघत बसू नका. स्टँडबायमध्ये बॅटरी झपाट्याने उतरते आणि उन्हात कॅमेरा तापतो पण, मी तीन बॅटऱ्या ठेवतो आणि दोन शॉटच्या मधे त्याच्यावर ओला नाही, नुसता पांढरा रुमाल टाकतो.

तर आता ती मोहरी. हा शॉट मला दोन रविवार पुरला. मोहरीचा दाणा साधारण २ मिलिमीटरचा. या कॅमेऱ्यात पूर्ण झूम केलं तर ३० सेंटिमीटरच्या आत फोकस होत नाही आणि तेवढ्या अंतरावरून फ्रेममध्ये १४-१५ सेंटिमीटर रुंदीचा तवा येतो. १००० एफपीएसला रुंदीत खरे पिक्सेल ११३६, म्हणजे एका दाण्याच्या वाट्याला पंधरा-सोळा पिक्सेल. ते म्हणजे काळा ठिपका. म्हणून दोन गोष्टी केल्या. एक, चिकटवायची अडॅप्टर रिंग लावून पुढे +१० ची क्लोजअप लेन्स बसवली, तिने १० सेंटिमीटरवरून फोकस होतो आणि फ्रेम ५ सेंटिमीटर रुंद होते. दोन, १००० सोडून ५०० ला आलो, रुंदीत १६७६ पिक्सेल. आता दाण्याला साठ-पासष्ट पिक्सेल मिळाले. चौपट! आणि लेन्सचा खर्च चार पिझ्झांएवढा.

पण १० सेंटिमीटरवर उकळतं तेल आणि कॅमेरा, हे ऐकूनच पोटात गोळा येतो ना. मधे फोटो फ्रेमची साधी काच उभी केली, जरा तिरकी, म्हणजे तिच्यात कॅमेऱ्याचं प्रतिबिंब येत नाही. काचेवर थेंब उडतात, दर दोन शॉटला पुसायची. डोळ्यांवर चष्मा, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, आणि शेजारी झाकण, तेल पेटलंच तर झाकायला. पाणी अजिबात नाही. पोरांना या शॉटला लांबच ठेवा, फुगे वेगळे, तेल वेगळं.

गच्चीवर छोटी शेगडी, तीन बाजूंनी पत्रा कारण वाऱ्याने आच हलते, वर उथळ तवा, त्यात दोन चमचे तेल. कढई नको, तिची कड आडवी येते. ऊन मागून-डावीकडून. शटर १/६४००, एफ ४, आयएसओ ४००. का १/६४००, तर उडणारा दाणा सेकंदाला दीड-दोन मीटर वेगाने जातो, १/२००० ला तो मिलिमीटरभर ओढला जातो म्हणजे अर्धा दाणा. अपर्चर २.८ वरून ४ केलं कारण इतक्या जवळून फोकसची खोली नखाएवढी असते, दाणे एका ओळीत राहतील तेवढेच स्पष्ट. मग वीसेक दाणेच टाकायचे, मूठभर नाही, मूठभर टाकले की एकमेकांवर ढीग होतो आणि कोण कुठून उडालं कळत नाही. स्टँडबाय, वाट बघायची, पहिला तड आवाज आला की अजून एक-दोन होऊ द्यायचे आणि मग दाबायचं.

पहिल्या रविवारी एकही नीट नाही. दाणे नुसते लोळत होते, दोनचार फुटले ते फ्रेमबाहेर. आईला क्लिप दाखवली तर तिने तीन सेकंद बघितली आणि सांगितलं, "तेल कुठे तापलंय तुझं? बुडबुडे बघ ना, आळशी." मी शटर, आयएसओ, पिक्सेल सगळं मोजलं होतं, तेलाचं तेवढं राहिलं. पुढच्या रविवारी तीच वर आली, एक दाणा टाकून बघितला, "हं, आता टाक" म्हणाली आणि टाकले.

जे दिसतं ते सांगतो. दाणा आधी जागच्या जागी थरथरतो, त्याच्याभोवती बारीक बुडबुड्यांची एक झालर येते, ती घट्ट होत जाते. मग एका बाजूला साल उसवते, आतलं पिवळं टोक दिसतं, आणि त्याच क्षणी आतली वाफ तिकडून सुटते आणि दाणा बरोबर उलट्या दिशेला उडतो, मागे तेलाची एक शेपटी ओढत. ती शेपटी मधेच तुटते, तिचे चारपाच गोल थेंब होतात, आणि ज्या जागी दाणा होता तिथे तेलात एक छोटा खड्डा पडलेला असतो तो भरून यायला दाण्यापेक्षा जास्त वेळ घेतो. हे सगळं खऱ्या आयुष्यात "तड" एवढंच असतं.

हे जमलं की दुसरे विषय सुचत जातात. संत्र्याची साल दुमडून पिळली की उडणारा फवारा, मागून ऊन घेऊन, १००० ला. गोटी सोड्याची गोटी खाली ढकलतानाचा क्षण, ५०० ला. ढोलाच्या पानावर चिमूटभर तांदूळ टाकून टिपरू मारलं तर तांदळाचे दाणे कसे उठतात ते २५० लाच इतकं सुंदर दिसतं की पुढे जायची गरज नाही. मात्र ढोलवाल्याची परवानगी घ्या, पानावर काही टाकलेलं सगळ्यांना आवडत नाही.

ज्यांना याच्या पुढे जायचंय त्यांच्यासाठी क्रोनोस १.४ नावाचा कॅमेरा आहे, कॅनडातल्या डेव्हिड क्रोनस्टीनने बनवलेला, २०१६ मध्ये किकस्टार्टरवर पैसे उभे करून. १२८० बाय १०२४ ला १०५७ एफपीएस, आणि तेही खरे पिक्सेल, ताणलेले नाहीत. रिझोल्यूशन उतरवलं की वेग वाढत जातो, १२८० बाय ७२० ला १५०० च्या आसपास. सुरुवातीची किंमत अडीच हजार अमेरिकी डॉलरच्या घरात होती, त्यावर लेन्स आणि कस्टम ड्युटी वेगळी, त्यामुळे आपल्यासारख्याने एकट्याने घेण्यापेक्षा कॉलेजच्या लॅबने किंवा तीनचार जणांनी मिळून घेण्याची गोष्ट आहे. त्यात ८ जीबी मेमरीला साधारण ४ सेकंद मिळतात. तिथे पण ट्रिगर, उजेड, शटर, सगळं असंच, फक्त सेटिंग बदललं की लेन्सवर झाकण लावून ब्लॅक कॅलिब्रेशन करायचं, नाहीतर चित्रावर उभ्या रेघा येतात.

एडिटला डाविंची रिझॉल्व्हचं फुकट व्हर्जन पुरेसं आहे. टाइमलाइन २५ एफपीएसची ठेवा, क्लिप आधीच स्लो झालेली असते, तिला अजून स्लो करू नका. उलट करा, पहिला भाग चार पट वेगाने पळवा आणि दाणा थरथरायला लागला की मूळ वेगावर आणा. ऑप्टिकल फ्लो लावून मधल्या फ्रेम बनवायचा मोह होईल, तेल आणि पाण्याला लावू नका, तेच विरघळलेले थेंब. काळ्या भागात चित्र दाणेदार दिसत असेल तर सावल्या थोड्या अजून खाली दाबा, घोंगडी काळीच आहे, तिला काळी राहू दे. आवाज या मोडमध्ये रेकॉर्डच होत नाही, त्यामुळे फोडणीचा आवाज फोनवर वेगळा घ्या, आणि तो नेहमीच्या वेगानेच क्लिपच्या सुरुवातीच्या पळत्या भागावर लावा. ताणलेला आवाज भूतपटासारखा येतो, आमच्या घरी तो एकदाच वाजला.

आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना व्हिडिओ म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ते इतकं दाबून टाकतं की शेपटीचे चारपाच थेंब समोरच्याला एक पिवळा डाग दिसतात आणि मग तो विचारतो, यात बघायचं काय आहे?